एसएमएसच्या वारसाची परवड

८ मार्च २०२१, सोमवार. साठी ओलांडलेल्यांचे कोविड लसीकरण सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि ‘कोविन’वर नाव नोंदवायला बसलेल्या कित्येकांना ओटीपी येईना. कोणाचे ऑनलाइन पैसे पाठवणे अर्ध्यावर अडकले, कोणाचे रेल्वेचे तिकीट निघेना, कुठे आधारची पडताळणी खोळंबली. नेट चालू होते, बँकांची यंत्रणाही चालू होती. अडले होते ते एसएमएसच्या वाटेवर. व्यावसायिक मेसेज पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवलेला असलाच पाहिजे, हा दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, म्हणजे ‘ट्राय’चा नियम मोबाइल कंपन्यांनी त्या दिवशी कडकपणे लावायला घेतला होता. नोंदणीशी न जुळणारा प्रत्येक मेसेज यंत्रणा वाटेतच गाळून टाकत होती आणि अनेक संस्थांनी आपले साचे वेळेत नोंदवलेलेच नव्हते. अखेर ट्रायने अंमलबजावणी आठवडाभर पुढे ढकलली, तेव्हा कुठे ओटीपी पुन्हा येऊ लागले.

एसएमएसचे दिवस संपले असे सगळे धरून चालले होते. दिवाळीच्या शुभेच्छा एसएमएसने पाठवणारे आता शोधावे लागतात, हे खरेच आहे. पण खात्यातून पैसे गेल्याचे एसएमएसच सांगतो. महावितरणचे बिल, गॅस सिलिंडर घेताना सांगायचा कोड, न्यायालयातली पुढची तारीख, सगळे त्याच वाटेने येते. मोबाइल कंपनी सोडून दुसरीकडे जायचे झाले तरी ‘पोर्ट’ असे लिहून १९०० या क्रमांकाला एसएमएसच करावा लागतो. स्वस्त रिचार्ज करणाऱ्यांच्या योजनेत एसएमएसची सोयच नसे, त्यामुळे त्यांना कंपनी सोडताही येत नव्हती. डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायला आदेश काढावा लागला, की रिचार्ज कोणताही असो, पोर्टिंगचा एसएमएस गेलाच पाहिजे.

एवढा कारभार ज्याच्यावर चालतो ते मानक १९८०च्या दशकातले आहे. त्याची जागा घेणारे नवे मानक कधीच लिहून झाले आहे. रिच कम्युनिकेशन सर्व्हिसेस, थोडक्यात आरसीएस, हे त्याचे नाव. त्याचे काम २००७ मध्ये सुरू झाले, २००८ मध्ये ते मोबाइल कंपन्यांची जागतिक संघटना असलेल्या जीएसएमएने आपल्याकडे घेतले, आणि दीड दशकाहून अधिक काळ लोटला तरी एका नंबरवरून दुसऱ्या नंबरवर ते खात्रीने चालेल असे म्हणता येत नाही. ही रखडपट्टी तंत्रज्ञानाने केलेली नाही. सर्वांना जोडणारी मेसेजसेवा देणे कंपन्यांच्या मर्जीवर सोडले गेले आणि त्यांनी आपापला फायदा पाहिला. कॉल जोडून देणे ही जशी परवानाधारक कंपनीची जबाबदारी आहे, तशीच सुरक्षित मेसेज पोहोचवणे हीही असली पाहिजे. भारतात तरी ट्रायने ती ऐच्छिक ठेवू नये.

एसएमएस जन्माला आला तो काटकसरीतून. कॉल जोडण्यासाठी टॉवर आणि मोबाइल यांच्यात जी संकेतांची देवाणघेवाण सतत चालू असते, तिच्यात उरलेल्या जागेतून छोटा मजकूर पाठवता येईल, अशी ती कल्पना होती. जागा होती १४० बाइटची. जर्मनीतील बॉनमध्ये फ्रीडहेल्म हिलेब्रांड यांनी १९८५ मध्ये टंकलेखन यंत्रावर नाना तऱ्हेची वाक्ये लिहून त्यांतली अक्षरे मोजली. बहुतेक वाक्ये १६० अक्षरांच्या आत बसत होती. रोमन लिपीतले एक अक्षर सात बिटांत बसवले की १४० बाइटमध्ये नेमकी १६० अक्षरे मावतात. ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने व्होडाफोनच्या रिचर्ड जार्व्हिस यांना नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या आणि सेवा सुरू झाली.

सुरू झाली, पण लगेच पसरली नाही. ब्रिटनमधल्या चार कंपन्यांचे ग्राहक बरीच वर्षे फक्त आपल्याच कंपनीच्या नंबरवर मेसेज पाठवू शकत. १९९९ मध्ये या कंपन्यांनी एकमेकींची जाळी जोडली आणि एसएमएसची संख्या भराभर वाढली. अमेरिकेत हीच जोडणी व्हायला आणखी काही वर्षे गेली. समोरच्याची कंपनी कोणती हे पाहावे लागत नाही, तेव्हाच माणूस एखादी सेवा हक्काने वापरतो. हा धडा कंपन्यांना स्वतःच्याच अनुभवातून मिळालेला होता.

त्यानंतर मात्र त्यांना पैशाची चटक लागली. भारतात ज्यांनी २००० नंतरची दहा वर्षे मोबाइल वापरला आहे, त्यांना ‘ब्लॅकआउट डे’ आठवत असतील. दिवाळी, ईद, ३१ डिसेंबर अशा नेमक्या दिवशी एसएमएसचे पॅक निरुपयोगी ठरे आणि प्रत्येक शुभेच्छेला रुपया-दीड रुपया मोजावा लागे. पुढे २०१३ मध्ये दुसऱ्या कंपनीचा एसएमएस आपल्या ग्राहकापर्यंत पोहोचवण्याचे शुल्क ट्रायने ठरवले, ते होते २ पैसे. अमेरिकेत एका मेसेजचा दर २००५ मधल्या १० सेंटवरून २००८ मध्ये २० सेंटवर गेला, तेव्हा सिनेटर हर्ब कोल यांनी चार मोठ्या कंपन्यांना पत्र लिहून त्याचा जाब विचारला. ज्या सेवेवर खर्च जवळजवळ नाही आणि कमाई अशी, ती सुधारण्याची निकड कोणाला वाटणार? २००९ मध्ये व्हॉट्सॲप आले आणि ग्राहकांनी आपला निर्णय घेऊन टाकला.

आरसीएसमध्ये खरे तर व्हॉट्सॲपला उत्तर देण्याइतके सारे काही होते. मेसेज संकेतांच्या फटीतून न जाता इंटरनेटच्या डेटावरून जातो. मोठे फोटो आणि व्हिडिओ मूळ दर्जाच्या जवळपास राहतात, समोरचा लिहितो आहे हे दिसते, वाचल्याची खूण येते, गट करता येतो. वेगळे खाते उघडावे लागत नाही, मोबाइल नंबर हीच ओळख. आणि समोर साधा फोन असेल तर तोच मेसेज एसएमएस होऊन जाऊ शकतो.

२०१२ मध्ये युरोपातल्या कंपन्यांनी हे सगळे ‘जॉइन’ या नावाने बाजारात आणले. स्पेनमध्ये मूव्हीस्टार, ऑरेंज आणि व्होडाफोन यांनी एकत्र सुरुवात केली, पण ते चालले नाही. हरेक कंपनीची यंत्रणा वेगळी, हरेक फोनवर वेगळी चाचणी, दोन कंपन्यांत जोडणी करायची तर वेगळा करार. सगळ्यांनी पाळायचा एकच आराखडा, युनिव्हर्सल प्रोफाइल, यायला नोव्हेंबर २०१६ उजाडले. तोपर्यंत लोकांच्या सवयी पक्क्या झाल्या होत्या.

कंपन्यांना एकत्र येणे अशक्य होते असे कोणी म्हणू नये. जपानमध्ये एनटीटी डोकोमो, केडीडीआय आणि सॉफ्टबँक या कट्टर स्पर्धकांनी मे २०१८ मध्ये ‘प्लस मेसेज’ ही समान सेवा सुरू केली. तिचा पाया आरसीएसचाच. दक्षिण कोरियात २०१९ मध्ये तिन्ही कंपन्यांनी आपापली आरसीएस सेवा एकमेकींशी जोडून दिली. जपानची सेवा देशाबाहेरच्या आरसीएसशी जुळवून घेत नव्हती, ही तिची मोठी उणीव. तरीही मनात आणले तर तीन स्पर्धक एका टेबलाभोवती बसू शकतात, हे तिथे दिसले.

अमेरिकेत काय घडले, हे त्यापुढे ठेवून पाहावे. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी एटीअँडटी, व्हेरायझन, टी-मोबाइल आणि स्प्रिंट या चार कंपन्यांनी मोठा गाजावाजा करून संयुक्त उपक्रम जाहीर केला. २०२० मध्ये सर्वांसाठी एकच आरसीएस ॲप येईल, कोणत्याही कंपनीचा ग्राहक कोणाशीही बोलू शकेल, दुकाने आणि बँकाही त्यावर येतील, असे आश्वासन दिले गेले. २०२० आले आणि गेले, ॲप काही आले नाही. दरम्यान टी-मोबाइल आणि स्प्रिंट एकत्र झाल्या. एप्रिल २०२१ मध्ये हा उपक्रम गुंडाळल्याचे व्हेरायझनने मान्य केले. त्याच वर्षी मार्च ते जुलै या पाच महिन्यांत टी-मोबाइल, एटीअँडटी आणि व्हेरायझन या तिघींनी एकापाठोपाठ एक जाहीर केले, की अँड्रॉइड फोनवर यापुढे गुगलचे मेसेजेस ॲपच मुख्य असेल.

गुगलने त्याची तयारी आधीच करून ठेवली होती. आरसीएसची यंत्रणा चालवणारी जाइब मोबाइल ही कंपनी त्याने २०१५ मध्ये विकत घेतली. मोबाइल कंपन्यांची वाट पाहून थकल्यावर जून २०१९ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्समध्ये त्याने स्वतःच थेट सेवा सुरू केली आणि नोव्हेंबर २०२० पर्यंत चीन वगळता जगभरच्या अँड्रॉइड फोनवर ती पोहोचवली. मोबाइल कंपनीची यंत्रणा नसेल तिथे गुगलची. पुढे अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी आपली यंत्रणाही गुगलच्या जाइबवर हलवली. म्हणजे हजारो कोटी रुपयांचे स्पेक्ट्रम घेणाऱ्या, नंबर देणाऱ्या, टॉवर उभारणाऱ्या कंपन्यांनी संदेशवहनाचे काम एका जाहिरात कंपनीच्या हाती सोपवले. गुगलने पुढाकार घेतला नसता तर आरसीएस बहुधा विस्मरणात गेले असते, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण सार्वजनिक सेवेचा कणा एकाच खासगी कंपनीच्या सर्व्हरवर उभा राहणे ही चिंतेचीच बाब आहे आणि तो धोका मोबाइल कंपन्यांनी आपल्या हाताने ओढवून घेतला.

ॲपलनेही बराच काळ आडमुठेपणा केला. सप्टेंबर २०२२ मध्ये एका परिषदेत एकाने टिम कुक यांना विचारले की आईला व्हिडिओ नीट पाठवता येत नाहीत, त्याचे काय? तिला आयफोन घेऊन द्या, असे उत्तर मिळाले. आयफोन आणि अँड्रॉइड यांच्यातले मेसेज जुन्या एसएमएस-एमएमएसवर जात, फोटो पुसट होत, गट तुटत, आणि ज्याचे मेसेज आयफोनवर हिरव्या बुडबुड्यात दिसत, त्या अँड्रॉइडवाल्या मुलाला शाळेत चिडवले जाई. अमेरिकी न्याय विभागाने मार्च २०२४ मध्ये ॲपलविरुद्ध मक्तेदारीचा जो खटला भरला, त्यात हा मुद्दाही आहे. ॲपलने नोव्हेंबर २०२३ मध्ये माघार घेतली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आयओएस १८ बरोबर आयफोनवर आरसीएस आले.

गंमत वाटावी अशी अडचण तेव्हा पुढे आली, पण ज्यांना ती भोगावी लागली त्यांना ती गंमत वाटली नसेल. आयफोनवर आरसीएस चालते ते मोबाइल कंपनीने आपल्या बाजूने ते सुरू केले तरच. अमेरिकेतल्या तीन मोठ्या कंपन्यांनी ते सुरुवातीलाच केले. त्यांचेच टॉवर भाड्याने वापरणाऱ्या छोट्या कंपन्यांच्या ग्राहकांना मात्र महिनोन्महिने थांबावे लागले. त्यांत खुद्द गुगलच्या गुगल फाय सेवेचे ग्राहकही होते. अँड्रॉइडवर गुगल, आयफोनवर ॲपल, आणि चालू करण्याचे बटण मोबाइल कंपनीकडे, असे तीन दरवाजे पार केल्यावर एक साधा मेसेज पोहोचतो. तरीही गुगलने मे २०२५ मध्ये सांगितले की अमेरिकेत दिवसाला १०० कोटींहून अधिक आरसीएस मेसेज जातात. दार उघडले की लोक वापरतात, एवढे यातून नक्की कळते.

भारतात आरसीएसची ओळख झाली ती चुकीच्या पद्धतीने. मित्राचा मेसेज येण्याआधी कर्जाची जाहिरात आली. २०२२ च्या उन्हाळ्यात गुगलच्या मेसेजेस ॲपमध्ये विमा, कर्ज, जुगारसदृश खेळ यांच्या रंगीत जाहिराती धडाधड येऊ लागल्या. नंबर अवांछित कॉल आणि मेसेजविरोधी यादीत असला तरी त्या येत, कारण त्या एसएमएस नव्हत्याच. बोंब झाली तेव्हा जून २०२२ मध्ये गुगलने भारतातल्या व्यावसायिक जाहिराती काही काळ थांबवल्या. अनेकांनी तोवर ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन आरसीएस बंदच करून टाकले होते. एअरटेलने तर बराच काळ या सेवेपासून अंतर राखले. एका चांगल्या मानकाची पहिली ओळखच लोकांना जाहिरातींचा उपद्रव म्हणून झाली, आणि त्याची किंमत अजून मोजली जाते आहे.

एसएमएसवर ट्रायने २०१८ च्या नियमांनी जी शिस्त आणली, तिचे महत्त्व इथे कळते. पाठवणाऱ्याची नोंदणी, मजकुराचा साचा, ग्राहकाची संमती, १९०९ वर तक्रार. २०२५ पासून पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी एक अक्षरही दिसते: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकार. बनावट मेसेज ओळखायला या अक्षराची फार मदत होते आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ते एकदा बसून समजावून सांगावे इतके ते उपयोगी आहे. पण ही सारी चौकट एसएमएस आणि कॉल डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली आहे. मार्च २०२१ मध्ये अंमलबजावणी फसली, तरी चौकट योग्यच होती. नवे मानक तिच्याबाहेर राहिले तर भामटे आणि जाहिरातदार दोघेही तिकडेच वळणार.

मराठी माणसाने या प्रश्नाकडे लक्ष देण्याचे आणखी एक कारण आहे, आणि त्याची चर्चा जवळजवळ होत नाही. एसएमएसची ती १६० अक्षरे रोमन लिपीची. मजकुरात देवनागरीचे एक अक्षर जरी आले तरी संपूर्ण मेसेज दुसऱ्या पद्धतीने साठवला जातो आणि मर्यादा एकदम ७० वर येते. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. ‘महाराष्ट्र’ हा शब्द वाचताना चार अक्षरांचा, एसएमएसच्या हिशेबात दहांचा. एखाद्या सोसायटीने किंवा ग्रामपंचायतीने ‘उद्या सकाळी पाणी येणार नाही’ एवढेच लिहिले तरी २७ जागा जातात. त्याच अर्थाचे छोटे इंग्रजी वाक्य २५ जागांत बसते. लांबी जवळजवळ सारखीच, पण एका एसएमएसमध्ये तशी इंग्रजी वाक्ये सहा मावतात आणि मराठी दोन. मजकूर ७० च्या वर गेला की तो तुकड्यांत विभागला जातो, प्रत्येक तुकड्यात ६७ जागा, आणि घाऊक मेसेज पाठवणाऱ्याला पैसे तुकड्यांप्रमाणे लागतात. इंग्रजीत एका मेसेजच्या पैशात जाणारी लांब सूचना मराठीत तीन मेसेजच्या भावाने जाऊ शकते. बँका आणि पतसंस्थांचे मेसेज खेड्यातल्या खातेदारालाही इंग्रजीतून का येतात, याचे हे एक कारण आहे. रुपयाचे चिन्हसुद्धा त्या जुन्या वर्णमालेत नाही, म्हणून मेसेजमध्ये रकमेआधी रोमन अक्षरे येतात.

यावर उपाय निघाला होता. आंतरराष्ट्रीय मानकात हिंदी, गुजराती, बंगाली, तमिळ, कन्नड अशा भारतीय भाषांसाठी स्वतंत्र तक्ते घालण्यात आले. ते वापरले तर देवनागरीतही एका एसएमएसमध्ये दीडशेच्या आसपास जागा मिळतात. मात्र पाठवणारी यंत्रणा, मोबाइल कंपनी आणि फोन या तिघांनीही ते तक्ते वापरले पाहिजेत, आणि प्रत्यक्षात त्यांचा वापर फारसा झालाच नाही. कागदावर असलेले मानक सक्तीशिवाय ग्राहकाच्या हाती पोहोचत नाही, याचे यापेक्षा जवळचे उदाहरण शोधायची गरज नाही. याउलट, फोनवर भारतीय भाषा दिसल्याच पाहिजेत हा नियम सरकारने २०१६ मध्ये अधिसूचित केला. त्यात २२ भाषा वाचता येण्याची आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एका भारतीय भाषेत लिहिता येण्याची सोय बंधनकारक झाली. आरसीएसमध्ये देवनागरीला रोमनच्या बरोबरीची जागा आहे, ७० चे बंधन नाही. व्यावसायिक मेसेजचे दर ठरवताना कंपन्यांनी लांबीचे जुनेच गणित नव्या दरपत्रकात आणले नाही, तर मराठीतून सूचना पाठवणे महाग राहणार नाही.

आता सुरक्षिततेकडे वळायला हवे, कारण तिथे विलंब परवडणारा नाही. एसएमएस मोबाइल आणि टॉवर यांच्यामध्ये झाकलेला असतो, कंपनीच्या यंत्रणेत मात्र तो उघडा असतो. आणि जगभरच्या कंपन्यांना जोडणारी एसएस७ ही संकेतप्रणाली १९७० च्या दशकातली आहे, जेव्हा जाळ्यात शिरलेला प्रत्येक जण विश्वासाचाच असे मानले जाई. २०१७ मध्ये जर्मनीत चोरांनी तिच्यातूनच काही ग्राहकांचे बँकेचे कोड स्वतःकडे वळवून खाती रिकामी केली. २०२४ मध्ये ‘सॉल्ट टायफून’ या नावाने ओळखल्या गेलेल्या, चीनशी संबंधित हॅकरनी अमेरिकेतल्या मोठ्या दूरसंचार कंपन्यांच्या यंत्रणेत ठाण मांडल्याचे उघड झाले. त्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या सायबरसुरक्षा संस्थेने महत्त्वाच्या पदांवरील व्यक्तींना सांगितले की फक्त एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असलेलीच, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कोणालाही मजकूर वाचता येत नाही अशीच मेसेजसेवा वापरा. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नवे निर्देश काढले. ते १ एप्रिल २०२६ पासून लागू करायचे ठरवले असून, त्यांत एसएमएसच्या ओटीपीखेरीज पडताळणीच्या इतर मार्गांनाही वाव आहे. दिशा बरोबर आहे. पण ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याच्या हातात एसएमएसच राहणार आहे, हे विसरून चालणार नाही.

आरसीएसही सुरुवातीला या बाबतीत कच्चे होते. गुगलने २०२१ मध्ये आपल्या ॲपपुरते एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आणले. आयफोनवर आरसीएस आले, तेव्हा आयफोन आणि अँड्रॉइड यांच्यातले मेसेज त्यात बसत नव्हते. मार्च २०२५ मध्ये जीएसएमएने ते मूळ मानकातच घातले. त्यासाठी इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेली, कोणालाही वापरता येणारी पद्धत घेतली, आणि ॲपलनेही ते स्वीकारण्याचे जाहीर केले. वेगवेगळ्या कंपन्यांच्या ॲपमध्ये चालेल असे एन्क्रिप्शन एवढ्या मोठ्या सेवेच्या मानकात येणे ही लहान गोष्ट नव्हे. पाठवणारा एका कंपनीचा, घेणारा दुसरीचा, ॲप तिसरीचे, आणि तरीही मजकूर मधल्या कोणालाच वाचता येणार नाही, ही सोय सामान्य माणसाला आजवर मोबाइल नंबरसोबत कधीच मिळालेली नव्हती.

भारतात इथे खरा पेच आहे. परवान्याच्या अटींनुसार मोबाइल कंपन्यांना कायदेशीर आदेश आल्यावर संदेश तपासयंत्रणांना उपलब्ध करून द्यावे लागतात. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असेल तर कंपनीकडे देण्यासारखा मजकूरच नसतो. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतील मूळ प्रेषक शोधण्याच्या अटीवर व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेले आहे, आणि एन्क्रिप्शन मोडायला लावले तर देश सोडावा लागेल, असे त्याच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये तिथे सांगितले. गुन्ह्याच्या तपासाची गरज खरी आहे आणि ती हलक्यात घेऊ नये. पण कोट्यवधी नागरिकांचे मेसेज उघडे ठेवले की ते फक्त पोलिसांसाठी उघडे राहत नाहीत, हे अमेरिकेतल्या घुसखोरीने दाखवून दिले. कोण कोणाशी केव्हा बोलले याच्या नोंदी आणि जप्त केलेला फोन ही तपासाची साधने एन्क्रिप्शन असले तरी हातात राहतात. सरकारने या मुद्द्यावर मौन बाळगले तर मोबाइल कंपन्या कमकुवत सेवा देतील आणि त्यासाठी परवान्याच्या अटीकडे बोट दाखवतील.

व्हॉट्सॲप असताना हा सगळा खटाटोप कशाला, असे विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे, कारण कुटुंबाचे गट, शाळेचे गट, भाजीवाल्याची यादी, सगळे तिथेच आहे आणि ती सेवा चांगली चालते. पण ती एका कंपनीची आहे. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी, ऐन दिवाळीत, ती दोन तासांच्या आसपास बंद पडली तेव्हा पर्याय म्हणून लोकांकडे त्याच तोडीचे दुसरे काही नव्हते. तिच्या २०२१ मधल्या गोपनीयता धोरणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तिची मालक कंपनी असलेल्या मेटाला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड ठोठावला. युरोपीय संघाने तर कायदाच करून व्हॉट्सॲपला इतर मेसेजसेवांसाठी दार उघडायला भाग पाडले. जिला पर्याय नाही अशी सेवा आपल्या अटी ग्राहकाला सांगते, त्याच्याशी ठरवत नाही. मोबाइल नंबरसोबत आपोआप मिळणारी, कंपनी बदलली तरी टिकणारी सेवा असेल तर ग्राहकाच्या हातात निवड राहते.

भारतात हे होऊ शकते याचा दाखला आपल्याच जवळ आहे. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय मोबाइल कंपन्यांनी हौसेने दिलेली नाही. मुदती पुन्हा पुन्हा पुढे गेल्या, तांत्रिक अडचणी सांगितल्या गेल्या, आणि अखेर नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर ती लागू झाली. आज ती नसती तर कशी परिस्थिती असती याची कल्पनाही करवत नाही.

तीच रीत आरसीएसला लावता येईल. बीएसएनएलसह प्रत्येक कंपनीने आपल्या नंबरवर ते ठरावीक मुदतीत सुरू करावे आणि इतर सर्वांशी जोडावे. सुरू असलेले आरसीएस आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर चालले पाहिजे. भाड्याच्या जाळ्यावर सेवा देणाऱ्या छोट्या कंपन्या त्यात मागे राहता कामा नयेत, म्हणजे अमेरिकेतल्यासारखा दुय्यम ग्राहक इथे तयार होणार नाही. व्यक्ती-व्यक्तींमधले मेसेज २०२५ च्या मानकाप्रमाणे एन्क्रिप्टेड असावेत, आणि व्यापारी मेसेजना मात्र नोंदणी, संमती आणि १९०९ ची तक्रार एसएमएससारखीच लागू व्हावी, मग सर्व्हर मोबाइल कंपनीचा असो वा गुगलचा. साध्या फोनवर एसएमएस पोहोचत राहण्याची हमी परवान्यातच असावी.

ट्राय कोणताही मोठा निर्णय घेण्यापूर्वी सल्लामसलतीचा मसुदा आपल्या संकेतस्थळावर ठेवते आणि कोणाही नागरिकाला, ग्राहक संघटनेला किंवा पतसंस्थेला त्यावर लेखी मत देता येते. कंपन्यांची मते तिथे भरभरून येतात, ग्राहकांची फार थोडी. आरसीएसवर असा मसुदा काढण्याची मागणी मुंबई-पुण्यातल्या ग्राहक संघटनांनी आताच करावी, आणि तिच्यासोबत मराठी मेसेजच्या तुकड्यांचा हिशेब एखाद्या खऱ्या बिलासह जोडावा.